घरचे देणे : जुन्या जपानी चित्रपटांतली बाई, प्रेम आणि पैसा

ओसाकातल्या एका औषध कंपनीत आयाको टेलिफोन ऑपरेटर आहे. तिच्या बापाने आपल्या कचेरीतले ३०० येन खाल्ले आहेत. पैसे भरले नाहीत तर तो तुरुंगात जाणार. आयाकोचा एक मित्र आहे, त्याच्याशी लग्न व्हावे असे तिच्या मनात आहे, पण त्याच्याकडे पैसे नाहीत. पैसे आहेत तिच्या मालकाकडे आणि मालकाचा डोळा तिच्यावर कधीपासूनच आहे. ती नोकरी सोडते, त्याने घेऊन दिलेल्या घरात राहायला जाते आणि बापाची सुटका होते. पुढे भावाच्या शिक्षणासाठी आणखी २०० येन लागतात, तेही ती दुसऱ्या एका पुरुषाला झुलवून मिळवते. या वेळी ती पोलिसांच्या हाती सापडते.

केन्जी मिझोगुची यांचा ‘नानिवा एरेजी’, म्हणजे ओसाकाचे शोकगीत, १९३६ साली आला. त्याचा शेवट एकदा पाहिला की विसरता येत नाही. पोलिसांनी सोडल्यावर आयाको घरी येते. घरात सुकियाकी शिजते आहे, सगळे भोवती बसले आहेत. ज्याची फी तिने भरली तोच भाऊ म्हणतो की हिच्यामुळे आम्हाला तोंड दाखवायला जागा उरली नाही. पैसे कुठून आले हे ठाऊक असलेला बाप गप्प बसतो. ती उठते, बाहेर पडते आणि पुलावर येऊन उभी राहते. ओळखीचा डॉक्टर भेटतो, त्याला विचारते की वाया गेलेल्या पोरीच्या दुखण्यावर काही औषध आहे का. त्याच्याजवळ उत्तर नसते. मग ती सरळ आपल्याकडे पाहत, कॅमेऱ्याच्या दिशेने चालत येते आणि चित्रपट संपतो. इसुझु यामादा ही नटी तेव्हा एकोणीस वर्षांची होती. तिच्या त्या चेहऱ्यावर रडे नाही, राग आहे.

जपानी चित्रपटांच्या सुवर्णकाळाविषयी, म्हणजे साधारण १९३० ते १९६५ या काळाविषयी लिहिताना ‘सोसणारी स्त्री’ हा शब्दप्रयोग फार सैलपणे वापरला जातो. जणू सोसणे हा तिचा स्वभावच. हे चित्रपट पुन्हा पुन्हा पाहताना माझ्या लक्षात येत गेले ते असे की त्यांतली बाई कशासाठी सोसते याचा आकडा बहुतेक वेळा पडद्यावर मोठ्याने सांगितलेला असतो. आणि तिला पहिल्यांदा कोंडीत पकडते ते तिचे घर. प्रियकराची पाळी नंतर येते. बापाचे कर्ज, भावाची फी, दिराचे दुकान, बहिणीचा संसार या सगळ्याचे देणे ती फेडत असते आणि प्रेमासाठी तिच्या हातात उरते ती शिल्लक.

या देण्यामागे कायदा होता. १८९८ च्या नागरी कायद्याने ‘इए’ म्हणजे घराणे हा समाजाचा पाया ठरवला. कर्ता पुरुष घराचा प्रमुख, लग्नाला त्याची संमती आवश्यक आणि बायकोला नवऱ्याच्या परवानगीशिवाय मालमत्तेचा व्यवहार करता येत नसे. व्यभिचार हा गुन्हा फक्त बायकोचा. युद्धात हरल्यावर चित्र पालटले. एप्रिल १९४६ च्या निवडणुकीत जपानी स्त्रियांनी पहिल्यांदा मतदान केले आणि ३९ स्त्रिया संसदेत गेल्या. १९४७ च्या राज्यघटनेतल्या २४ व्या कलमाने लग्न हे फक्त दोघांच्या संमतीने होईल असे सांगितले. त्या कलमाचा मसुदा बिएटे सिरोटा या बावीस वर्षांच्या मुलीने लिहिला होता, तिचे बालपण टोकियोत गेले होते. कागद बदलला. घरातली बसायची जागा बदलायला किती वेळ लागतो, हे पुढची वीस वर्षे जपानी दिग्दर्शक दाखवत राहिले.

दोन शब्द इथेच समजून घेऊ, कारण त्यांच्याशिवाय या गोष्टी उलगडत नाहीत. पहिला शब्द ‘दान्ना’. गेईशाचा खर्च चालवणारा, तिचा पोशिंदा. बायको नवऱ्यालाही दान्ना म्हणते आणि दुकानदार गिऱ्हाइकालाही. हा शब्द बौद्ध धर्माबरोबर संस्कृतातल्या ‘दान’ या शब्दावरून जपानला गेला. मठाला दान देणारा तो दान्ना, मग घर चालवणारा, मग बाई ठेवणारा. आपल्या ओळखीच्या शब्दाने इतका लांबचा आणि असा प्रवास करावा, याचे मला दर वेळी वाईट वाटते. दुसरी गोष्ट आगाऊ रकमेची. मुलगी कलावंतिणींच्या घरात किंवा वेश्यावस्तीत पाठवताना बापाच्या हातात पैसे पडत आणि ते कर्ज मुलीच्या नावावर चढे. तिचे कपडे, जेवण, आजारपण त्यातच जमा होत जाई. मराठीत याला नेमका शब्द आहे : उचल. ऊसतोडणीच्या टोळ्यांना ती कशी बांधून ठेवते हे ज्याने पाहिले असेल त्याला गिऑनच्या गेईशावस्तीतला किंवा योशिवाराच्या वेश्यावस्तीतला हिशोब वेगळा समजावून सांगायला नको. अशा करारांतली रक्कम परत मागता येणार नाही, हे जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले ते १९५५ साली.

मिझोगुचींना हे घरातूनच माहीत होते. रशिया-जपान युद्धात सैन्याला रेनकोट विकून पैसा करू म्हणून त्यांच्या वडिलांनी धंदा काढला, तो बुडाला. थोरल्या बहिणीला, सुझुला, दुसऱ्यांच्या हवाली केले गेले आणि ती गेईशा झाली. पुढे एका उमरावाने तिला ठेवले आणि नंतर तिच्याशी लग्नही केले. आई गेल्यावर धाकट्या केन्जीला तिनेच सांभाळले. म्हणजे आयाकोच्या फीवर शिकणारा जो भाऊ पडद्यावर दिसतो, तो दिग्दर्शक स्वतः होता. त्यांच्या चित्रपटांतला बायकांविषयीचा कळवळा आणि त्यात मिसळलेली अपराधाची भावना या दोन्हींचे मूळ मला इथे दिसते.

त्यांच्या ‘साइकाकू इचिदाई ओन्ना’ या १९५२ च्या चित्रपटात, जो जगात ‘लाइफ ऑफ ओहारू’ म्हणून गाजला, हा हिशोब सतराव्या शतकात नेला आहे. ओहारू दरबारात वाढलेली. एका कनिष्ठ सामुरायावर प्रेम केले म्हणून तिला आईबापांसकट हाकलले जाते आणि त्याचे डोके उडवले जाते. प्रेमाचा अध्याय पहिल्या काही मिनिटांतच संपतो. नंतर एका सरदाराला वारस हवा म्हणून तिला उपपत्नी म्हणून नेतात, मुलगा झाल्यावर परत पाठवतात. मुलगी सरदाराघरी गेली म्हणून बापाने तोवर उधारीवर माल उचललेला असतो. ते कर्ज फेडायला तो तिला शिमाबाराच्या वेश्यावस्तीत विकतो.

तिथला एक प्रसंग पाहण्यासारखा आहे. गावाकडून आलेला एक राकट माणूस पैशांचा नुसता पाऊस पाडतो. नाणी जमिनीवर खणखणतात आणि मालकासकट सगळे घर गुडघ्यावर रांगायला लागते. ओहारू उभी आहे. कॅमेरा लांब आहे, मिझोगुचींच्या सवयीप्रमाणे तो तिच्या चेहऱ्याजवळ जात नाही. रांगणाऱ्या पाठींच्या मधोमध एकटी ताठ उभी बाई, एवढेच दिसते. माणूस खूश होतो, हिलाच सोडवून नेतो म्हणतो आणि मालकाची भाषा क्षणात पालटते. थोड्याच वेळात शिपाई येतात : तो माणूस खोटी नाणी पाडणारा निघतो. खोट्या नाण्यासमोर रांगणारे आणि तिला नाव ठेवणारे लोक एकच होते, हे सांगायला मिझोगुचींना एकही वाक्य लागले नाही. ओहारू झाली आहे किनुयो तानाका. तिचे वय तेव्हा चाळिशीच्या पुढे होते आणि तरुण मुलीपासून रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या म्हाताऱ्या वेश्येपर्यंतचे सगळे वय ती आपल्या पाठीच्या कण्यातून दाखवते.

तरीही मिझोगुचींबद्दल माझी एक तक्रार आहे. त्यांना बाईचा त्याग फार सुंदर दिसतो. १९३९ च्या ‘झांगिकू मोनोगातारी’मध्ये नाटकमंडळीच्या घरातली दाई ओतोकू मालकाच्या मुलाला मोठा नट करण्यासाठी स्वतः झिजून मरते आणि तिच्या मरणाच्या वेळी त्याची मिरवणूक नदीतून जात असते. ते दृश्य अप्रतिम आहे, आणि त्याची अप्रतिमताच मला खटकते. म्हणून मला त्यांचा ‘गिऑन नो शिमाई’ (गिऑनच्या बहिणी, १९३६) अधिक जवळचा वाटतो. थोरली उमेकिची जुन्या वळणाची. दिवाळे निघालेल्या आपल्या पोशिंद्याला घरात आश्रय देणारी. धाकटी ओमोचा पुरुषांना खेळवणारी, तिच्या नावाचाच अर्थ खेळणे. शेवटी धाकटीला सूड घेणारा पुरुष धावत्या गाडीतून पाडतो आणि थोरलीचा तो पोशिंदा नोकरी मिळताच बायकोकडे निघून जातो. निष्ठेने वागली ती आणि हिशोबाने वागली ती, दोघींच्या पदरी सारखेच. हॉस्पिटलच्या खाटेवरून ओमोचा रडत विचारते की गेईशा नावाची वस्तू या जगात असायचीच कशाला. तो प्रश्न कुणाच्याही मरणाने गोड होत नाही.

यासुजिरो ओझूंच्या घरांत कर्जाचा आवाज एवढा मोठा नाही. तिथे पगार येतो, चहा होतो, मुलीच्या लग्नाची बोलणी चालतात. ‘लेट स्प्रिंग’ (१९४९) आणि ‘अर्ली समर’ (१९५१) या चित्रपटांत सेत्सुको हाराने रंगवलेल्या नोरिकोंचे लग्न हाच काय तो पेच. पण ‘अर्ली समर’मधली नोरिको टोकियोत सेक्रेटरी आहे, स्वतःच्या कमाईतून महागडा केक घरी आणते आणि वहिनी किंमत ऐकून दचकते. लग्नाचा निर्णयही ती स्वतःच घेते : घरच्यांना न विचारता एका विधुराच्या आईला होकार देऊन टाकते. त्या आनंदात ती म्हातारी तिला विचारते, बनपाव खाशील का. मागून कळते की या एका होकारानंतर तीन पिढ्यांचे घर पांगणार आहे. ‘टोकियो स्टोरी’ (१९५३) मध्ये हिशोब आणखी उघडा आहे. ब्युटी पार्लर चालवणारी सख्खी मुलगी आईबापांसाठी आणलेला खाऊ महाग पडला म्हणून कुरकुरते आणि आईच्या अंत्यविधीनंतर लगेच तिच्या वस्तू मागते. एका खोलीत राहणारी विधवा सून मात्र शेजारणीकडून साके आणि पेले उसने आणते आणि सासूच्या हातात खर्चायला थोडे पैसे ठेवते. ओझूंना बाजारू व्यवहार कळत नव्हता असे म्हणणाऱ्यांनी १९४८ चा त्यांचा ‘काझे नो नाका नो मेंदोरी’ पाहावा. नवरा अजून युद्धावरून परतलेला नाही, मूल आजारी, किमोनो विकून झालेले. हॉस्पिटलच्या बिलासाठी ती बाई एका रात्रीपुरती धंद्याला बसते. परतलेल्या नवऱ्याला ती स्वतःच सांगते आणि त्याच्या धक्क्याने जिन्यावरून गडगडत खाली येते. त्या काळातल्या जपानच्या पडद्यावर इतके दुखवणारे दृश्य मी दुसरे पाहिले नाही.

आईच्या बाबतीत दिग्दर्शक किनोशितांनी ‘निहोन नो हिगेकी’ (जपानची शोकांतिका, १९५३) मध्ये केलेली मांडणी आणखी कडू आहे. काळ्या बाजारात वणवण करून वाढवलेली मुलेच आईला नाकारतात आणि ती रेल्वेखाली जीव देते.

पण या सगळ्या विषयाचा खरा जाणकार मला मिकिओ नारुसे वाटतात. आपल्याकडे त्यांचे नाव कुरोसावा, ओझू, मिझोगुची यांच्या मागून येते. तो क्रम मला मान्य नाही. लहानपणीच आईबाप गेले, हलाखीत वाढले, पंधराव्या वर्षी शोचिकू स्टुडिओत सामानसुमान हाताळणारा पोऱ्या म्हणून लागले. पैसा नसणे म्हणजे काय हे त्यांना माहीत होते आणि त्याचे त्यांनी कधी काव्य केले नाही. मिझोगुची जिथे लांबून एका सलग दृश्यात यातना दाखवतात, तिथे नारुसे दारात उभा असलेला वसुलीवाला दाखवतात. बाई आत जाते, कपाट उघडते, पाकीट काढते, नोटा मोजते, एक परत ठेवते. त्यातच तिची सगळी गोष्ट.

त्यांचा आणि लेखिका फुमिको हायाशीचा संबंध इथे महत्त्वाचा. हायाशीने फेरीवाल्या आईबापांबरोबर भटकून, मोलमजुरी आणि कॅफेत वेट्रेसचे काम करून वाढलेले आयुष्य लिहिले. १९५१ साली ती वारली तेव्हा ‘मेशी’ (जेवण) ही कादंबरी अर्धीच होती. त्याच वर्षी नारुसेंनी त्या कादंबरीवर चित्रपट केला आणि पुढच्या दहा-अकरा वर्षांत हायाशीच्या लेखनावर आणखी पाच. पटकथा लिहिणाऱ्यांतही सुमिए तानाका आणि योको मिझुकी या दोन स्त्रिया होत्या. या चित्रपटांतल्या बायका घासाघीस करतात, हातउसने मागतात, कपडे गहाण ठेवतात, आणि हे सगळे इतक्या तपशिलाने येते याचे श्रेय नारुसेंइतकेच या लेखिकांचे आहे.

‘इनाझुमा’ (वीज, १९५२) मध्ये एका आईची चार मुले आहेत, चौघांचे बाप वेगळे. एका मुलीचा नवरा मरतो आणि विम्याचे पैसे येणार हे कळताच सगळे घर तिच्याभोवती घिरट्या घालू लागते. बहिणीला दुकान काढायचे आहे, आईला हातभार हवा आहे, नवऱ्याची दुसरी बाई कडेवर मूल घेऊन वाटा मागायला येते. धाकटी कियोको पर्यटकांच्या बसमध्ये गाइड आहे. ती हे सारे पाहून कंटाळते आणि दूरच्या वस्तीत भाड्याची खोली घेते. शेवटी आई तिथे येते, दोघी भांडतात, रडतात, बाहेर वीज चमकते आणि मग रात्री दोघी बरोबर चालत निघतात. घर सोडूनही घर सुटत नाही आणि सुटावे असे पुरते वाटतही नाही. नारुसेंनी हे जितक्या मायेने दाखवले तितके कुणी दाखवलेले नाही.

‘बानगिकू’ (उशिराची शेवंती, १९५४) मध्ये उलटा खेळ आहे. किन ही वय झालेली गेईशा आता सावकारी करते, जमिनींचे व्यवहार करते आणि जुन्या मैत्रिणींच्या दारात व्याज मागायला उभी राहते. हारुको सुगिमुराने हे काम केले आहे. मैत्रिणी तिला कंजूष म्हणतात, पण त्यांच्याकडे मुले आहेत आणि कर्ज आहे. हिच्याकडे मूल नाही आणि पैसा आहे. एके दिवशी तिचा जुना प्रियकर येणार असल्याचे पत्र येते. किन न्हाते, चेहरा नीट करते, चांगला किमोनो नेसते, साके तयार ठेवते. एवढ्या वर्षांनी ती पुन्हा तरुण मुलगी होताना आपण पाहतो. तो येतो, पितो, सैलावतो आणि हळूहळू विषयावर येतो : थोडे पैसे मिळतील का? सुगिमुराच्या चेहऱ्यावर त्या क्षणी काहीच मोडत नाही. ती उठून दुसऱ्या खोलीत जाते आणि त्याचा जपून ठेवलेला फोटो जाळते. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा जागेच्या व्यवहारासाठी स्टेशनवर. तिकीट कुठे ठेवले म्हणून पिशवी चाचपते आहे. तिचे दुःख एवढेच, आणि तिचे स्वातंत्र्यही त्याच पिशवीत.

‘उकिगुमो’ (तरंगते ढग, १९५५) ही नारुसेंची सर्वांत गाजलेली प्रेमकथा. युद्धात फ्रेंच इंडोचायनात जुळलेले प्रेम हरलेल्या टोकियोत भुकेले होऊन परत येते. युकिको कधी अमेरिकन सैनिकाच्या आधाराने जगते, कधी नातेवाइकाच्या. तोमिओका विवाहित, दुबळा, सतत दुसऱ्या बाईकडे वळणारा. तो एकदा तिच्याकडे येतो तो बायकोच्या अंत्यविधीला पैसे मागायला. आणि ती देते. शेवटी ती ओळखीच्या एका भोंदू धर्मगुरूच्या पेढीतले पैसे चोरते आणि त्याच्याबरोबर याकुशिमा या सततच्या पावसाच्या बेटावर जाते, तिथेच मरते. तो दिवा जवळ घेऊन तिच्या ओठांना लिपस्टिक लावतो. हे आंधळे प्रेम आहे का? मला वाटत नाही. युकिकोच्या आयुष्यात स्वतःसाठी खर्च केलेली ती एकच गोष्ट आहे.

‘ओन्ना गा काइदान ओ आगारू तोकी’ (बाई जिना चढते तेव्हा, १९६०) मधली केइको गिन्झातल्या बारची ‘मामा’. विधवा, तिशीतली. नवऱ्याच्या अस्थींबरोबर तिने एक पत्र पुरले आहे, पुन्हा कुणावर प्रेम करणार नाही असे. रोज संध्याकाळी ती बारचा अरुंद जिना चढते, आणि तिला तो जिना चढणे नकोसे वाटते. तिच्यापुढे दोनच वाटा : लग्न किंवा स्वतःचा बार. बारसाठी ती वही घेऊन धनिकांकडे वर्गणी मागत हिंडते. एकाला तिला ठेवून घ्यायचे आहे. दुसरा लग्नाचे विचारतो, साधा वाटतो, ती हो म्हणते आणि मग कळते की त्याची बायको आहे आणि असे लग्नाचे विचारत फिरणे ही त्याची खोडच आहे. तिसरा, बँकेतला, तिला खरेच आवडतो. तो एक रात्र राहतो, शेअर देतो आणि ओसाकाला बदली झाल्याचे सांगतो. या सगळ्याच्या मागे पुन्हा घर आहे. भावाला वकिलाची फी हवी, भाच्याच्या पोलिओ झालेल्या पायाची शस्त्रक्रिया करायची आहे, आणि आई म्हणते की तू उधळ्यासारखी राहतेस. केइको समजावते की चांगला किमोनो, अत्तर, टॅक्सी हे तिच्या धंद्याचे भांडवल आहे. आई मानत नाही.

शेवटाकडे ती स्टेशनवर जाते. बँकवाला बायकोमुलांसह गाडीत बसला आहे. केइको बायकोला अदबीने वाकून नमस्कार करते आणि ते शेअर तिच्यासमोर त्याला परत देते. तिच्याजवळ बारचा पैसा जमलेला नाही, ते शेअर तिला हवेच होते. तरी देते. हिदेको ताकामिनेने हा प्रसंग एका क्षणाच्या हास्यात निभावला आहे. चित्रपटातली वेशभूषाही तिचीच होती. किमोनो किती महागाचा दिसला पाहिजे आणि किती वेळा नेसलेला, याचे भान तिला असणारच.

कारण ताकामिनेचे स्वतःचे आयुष्य याहून फार वेगळे नव्हते. १९२४ साली हाकोदातेत जन्म, आई गेल्यावर आत्याने दत्तक घेतले, पाचव्या वर्षी १९२९ मध्ये पडद्यावर आली आणि तेव्हापासून कमावू लागली. शाळा जवळजवळ झालीच नाही. सगळा गोतावळा तिच्या मिळकतीवर जगला, हे तिने १९७६ च्या आत्मकथनात सरळ लिहिले आहे. तिचा नवरा झेनझो मात्सुयामाने लिहिलेल्या ‘मिदारेरू’ (१९६४) मध्ये ती पुन्हा अशीच राबणारी. सहा महिन्यांच्या संसारानंतर नवरा युद्धात गेला, बॉम्बने जळालेले सासरचे दुकान तिने अठरा वर्षे खपून उभे केले. आता शेजारी सुपरमार्केट आले आहे, तिथे अंडी इतकी स्वस्त की छोट्या दुकानदारांना तो भाव परवडतच नाही. घरच्यांना आपल्याही दुकानाचे सुपरमार्केट करायचे आहे आणि त्या बेतात विधवा सुनेची अडचण होते. तिच्यावर प्रेम करणारा एकच जण आहे, तिचा दीर, तिच्याहून वयाने बराच लहान. ती घर सोडून निघते, तो त्याच गाडीत चढतो. डबा रिकामा होत जातो तसा एकेक बाक ओलांडून तो तिच्याजवळ येत राहतो. त्या प्रवासातली काही मिनिटे तिच्या आयुष्यातली बिनहिशोबाची एकुलती एक वेळ आहे. ती फार टिकत नाही.

किनुयो तानाका १९५३ साली स्वतः दिग्दर्शक झाली. तिच्या आधी जपानमध्ये तझुको साकाने या एकाच स्त्रीने पूर्ण लांबीचा कथापट दिग्दर्शित केला होता. किनुयोने दिग्दर्शन करण्याला मिझोगुचींनी विरोध केला; जिच्या चेहऱ्यावर त्यांनी आपले उत्तम काम उभे केले तिलाच. पहिल्या ‘कोइबुमी’ (प्रेमपत्र) मध्ये शिबुयाच्या एका गल्लीत दोन माजी सैनिक इंग्रजी पत्रे लिहून देतात. गिऱ्हाइके म्हणजे मायदेशी गेलेल्या अमेरिकन सैनिकांना पैशांसाठी लिहिणाऱ्या बायका. एकदा त्यातल्या एकाला आपल्याच जुन्या प्रेयसीचा आवाज पडद्यामागून ऐकू येतो. तो तिचा न्याय करू लागतो, आणि तानाका आपली नजर त्याच्यावर रोखते : युद्ध हरलेल्या या देशात कुणाचे हात इतके स्वच्छ आहेत? तिने सहाच चित्रपट दिग्दर्शित केले. १९६१ चा ‘ओन्ना बाकारी नो योरू’ वेश्याव्यवसायबंदीनंतर सुधारगृहातून सुटलेल्या मुलीची गोष्ट सांगतो. दुकान, कारखाना, गुलाबांची बाग, जिथे जाईल तिथे भूतकाळ आधी पोहोचतो. पटकथा पुन्हा सुमिए तानाकाची.

वेश्याव्यवसायबंदीचा तो कायदा मे १९५६ मध्ये संमत झाला. त्याआधी दोन महिने मिझोगुचींचा शेवटचा ‘आकासेन चिताई’ आला होता आणि ऑगस्टमध्ये ते गेले. योशिवारातल्या एका घरातल्या पाच बायका आणि रेडिओवर विधेयकाच्या बातम्या. इथे त्यांनी त्यागाला अजिबात सौंदर्य दिलेले नाही. एकीचा नवरा क्षयी आहे, मांडीवर तान्हे मूल आहे. एकीचा मुलगा आईचा धंदा कळताच तिला झिडकारतो आणि तिला वेड लागते. फक्त यासुमी निभावून जाते, कारण ती बाकीच्यांना व्याजाने पैसे देते, एका गिऱ्हाइकाला बुडवून त्याचेच गाद्यांचे दुकान घेते. तिच्या बापाच्या भानगडीपायीच ती इथे आली होती. शेवटच्या दृश्यात खाणमजुराची पोर पहिल्यांदा दारात उभी केली जाते. भिंतीआड अर्धा चेहरा, अर्धवट उचललेला हात आणि ऐकू येईल न येईल अशी हाक.

त्याच वर्षी नारुसेंनी ‘नागारेरू’ (वाहते) केला. आया कोदा या लेखिकेने स्वतः एका गेईशाघरात मोलकरीण म्हणून काम करून ती कादंबरी लिहिली होती. चित्रपटात मोलकरीण रिका झाली आहे किनुयो तानाका. एक गेईशा सुगिमुरा आहे. मालकिणीची मुलगी कात्सुयो ताकामिने आहे, जिला गेईशा व्हायचे नाही. मूकपटांच्या काळातली मोठी नायिका सुमिको कुरिशिमा निवृत्तीतून परत येऊन ओहामा नावाची दुसऱ्या घराची मालकीण झाली आहे. आणि कर्जात बुडालेल्या या घराची मालकीण ओत्सुता आहे इसुझु यामादा, वीस वर्षांपूर्वी पुलावरून आपल्याकडे चालत आलेली आयाको.

ओहामाने हे घर विकत घेतले आहे ते मोठ्या मैत्रीने, कर्जातून सोडवते म्हणून. पुढे इथल्या बायकांना काढून उपाहारगृह करायचा तिचा बेत आहे. तो बेत ती रिकाला सांगते आणि तुलाही तिथे काम देईन म्हणते. रिका नको म्हणते, आणि घरी परतल्यावर कुणालाच काही सांगत नाही. एकीकडे ओत्सुता नव्या मुलींना शामिसेन शिकवायला बसली आहे. दुसरीकडे कात्सुयोने शिवणाचे मशीन आणले आहे. मशीनची खडखड आणि तारांचा आवाज एकमेकांत मिसळतात. रिका चहाचे सामान घेऊन त्या दोन आवाजांमध्ये उभी राहते, आणि मग आपल्या कामाला लागते.